घरच्या घरी लोअरिंग स्प्रिंग बसवताना : पुढे स्ट्रट आणि मागे बीम असलेल्या हॅचबॅकसाठी सविस्तर कृती

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडी खाली घेणारी आखूड, कडक स्प्रिंग. तिच्यामुळे गाडी ३० मिलिमीटर खाली बसते, तेव्हा ते ३० मिलिमीटर सस्पेन्शनच्या वरच्या चालीतून वजा होतात. खड्ड्यात चाक आपटलं की वर जायला जेवढी जागा होती, तेवढी ती आता नाही. हे एकदा लक्षात आलं की या कामातले सगळे निर्णय सोपे होतात: स्प्रिंग कडक का हवी, बंपस्टॉपकडे (चाल संपते तिथे धक्का झेलणाऱ्या रबराकडे) का पाहायचं, आणि जुनी स्प्रिंग ग्राइंडरने कापून गाडी खाली घेणं का चूक.

ही कृती पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे शॉकअप यांचा एकच खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाडीसाठी आहे. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी या साऱ्या त्याच जातीच्या. मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते, म्हणून मागची बाजू हलकी जाते. खरं काम आणि खरा धोका पुढच्या बाजूला आहे.

किती खाली घ्यायची

आपल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला २५ ते ३० मिमी पुरे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे. सोसायटीच्या गेटापाशी आणि गावाच्या वेशीवर प्रत्यक्षात जे उभे असतात ते त्याहून अरुंद आणि उभट असतात, आणि गाडीचं पोट अशांवरच घासतं. २०१८ पासूनच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. त्यातून ३० गेले की १३३ उरतात, तेही रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन निघालात की आकडा आणखी उतरतो. ४५-५० मिमीची स्प्रिंग घेतली तर मूळ शॉकअपची चाल जवळजवळ संपते आणि गाडी बंपस्टॉपवर बसूनच धावते.

स्प्रिंग घेताना बॉक्सवरचा पुढच्या ॲक्सलचा भार तुमच्या इंजिनाशी जुळतो का ते बघा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं. पेट्रोलची स्प्रिंग डिझेलखाली बसवली तर नाक ठरल्यापेक्षा जास्त झुकतं, उलट केलं तर पुढचा भाग वरच राहतो आणि धक्के बसतात.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. सहा काम करणाऱ्या वेढ्यांपैकी एक कापला तर कडकपणा फक्त एक पंचमांशाने वाढतो, पण उंची पूर्ण एका वेढ्याने जाते. म्हणजे चाल खूप गेली आणि ती राखणारा जोर मात्र थोडाच वाढला. शिवाय कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसत नाही. चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल होते आणि परत खाली येताना वाकडी अडकू शकते. गॅसने तापवून बसवलेल्या स्प्रिंगचं पाणीच उतरलेलं असतं, ती पुढेही खचत राहते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. विमा कंपनीला कळवल्याशिवाय केलेला बदल क्लेमच्या वेळी आड येऊ शकतो, आणि सस्पेन्शनवरची वॉरंटीही अडचणीत येते. स्प्रिंग मागवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा.

सामान

चार स्प्रिंगांखेरीज हे आणून ठेवा: दोन नवे बंपस्टॉप आणि त्यावरची रबरी टोपणं, दोन स्ट्रट माउंट त्यांच्या बेअरिंगसह, मागच्या स्प्रिंगचे वरखालचे रबर, आणि मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हणून दिलेले सगळे नटबोल्ट. गाडी ५०-६० हजार किलोमीटर चालली असेल तर शॉकअपही आत्ताच बदला. कडक स्प्रिंगला आवरायचं काम शॉकअपचं, आणि थकलेला शॉकअप ते फार दिवस करत नाही. मग तेच सगळं पुन्हा उघडावं लागतं.

हत्यारांत दोन टनांचा ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरालाच आवळणारा पाना), १० ते २१ मिमीचे गोटी पाने आणि रिंग पाने, ५ ते ७ मिमीच्या ॲलन की, जाड तार, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश. गाडीसोबत येणारा कात्री जॅक फक्त पंक्चरसाठी, त्याच्या भरवशावर हात किंवा डोकं गाडीखाली घालू नका. स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगला घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजातून भाड्याने आणा. हुकला सेफ्टी पिन नसलेला, आटे झिजलेला किंवा दांडा वाकलेला असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

पहिल्यांदाच करत असाल तर दोन माणसं आणि पूर्ण दिवस धरा. जागा सपाट आणि सिमेंटची हवी. उन्हात मऊ झालेल्या डांबरात जॅक स्टँडचे पाय रुततात.

आदल्या दिवशी

सगळ्या टायरांत ठरलेली हवा भरा, गाडी रिकामी करा आणि सपाट जागी थोडी पुढेमागे नेऊन उभी करा. चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची हवा मिसळते. हेच आकडे पुढे दोन ठिकाणी लागणार आहेत.

मग लिंक रॉडचे (स्ट्रटला अँटीरोल बारशी जोडणाऱ्या काडीचे) नट, स्ट्रटचे खालचे बोल्ट आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट यांवर स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांना दोनदा मारा. तिथे लिंक रॉडचा नट हमखास पकडलेला असतो, आणि ॲलन कीचं भोक गोल झालं की कापण्याखेरीज उपाय राहत नाही. नवे लिंक रॉड जवळ असले तर ही चिंता उरत नाही.

पुढची बाजू उघडणं

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये टाका, मागच्या चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावा. चाकं जमिनीवर असतानाच व्हील नट पाव फेरी सैल करा. मग पुढची दोन्ही चाकं एकदम उचला आणि उत्पादकाने दाखवलेल्या मजबूत जागी जॅक स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर अँटीरोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) पीळ धरून बसतो आणि लिंक रॉड निघताना फटकन उडतो. जॅक स्टँड लागल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहा. ती हलायची असेल तर आत्ता हलू द्या. काढलेली चाकं दरवाज्याखालच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. एखादा स्टँड निसटलाच तर गाडी त्यांवर टेकते.

पुढची कामं याच क्रमाने:

१. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची तार स्ट्रटच्या क्लिपमधून मोकळी करा. हे विसरलं की पुढे तार ताणून तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

२. लिंक रॉडचा वरचा नट काढा. पाठीमागचा बोल्ट फिरू नये म्हणून मधल्या भोकात ॲलन की धरा, रिंग पान्याने नट सोडा.

३. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाने रेघ ओढा, बोल्टच्या डोक्याभोवतीही. या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी ढिलाई असते आणि चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा आत-बाहेरचा झुकाव) तिथेच ठरतो. रेघ जुळवून बसवलं तर अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी नीट चालते.

४. तारेने नकल बॉडीला बांधा, मग दोन्ही बोल्ट काढा. बांधलं नाही तर नकल बाहेरच्या बाजूला कोसळते आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा निखळतो. ब्रेकच्या पाइपवरही तिचा भार येतो.

५. साथीदाराला स्ट्रट धरायला सांगा आणि बॉनेट उघडून टॉवरवरचे (स्ट्रटचं वरचं टोक बसतं त्या उंचवट्यावरचे) नट काढा.

पाचव्या पायरीवर थांबा आणि नीट पाहा. बऱ्याच गाड्यांत टॉवरवर बाहेरच्या कडेला तीन छोटे नट असतात. काढायचे ते हेच. मधला मोठा नट दाबलेली स्प्रिंग धरून असतो, त्याला गाडीवर हात लावायचा नाही. काही गाड्यांत मात्र टॉवरवर मधोमध एकच नट असतो आणि त्याच्या खाली स्प्रिंग धरणारा दुसरा. कोणता कुठला हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पाना लावू नका. काही गाड्यांत हे नट वायपरखालच्या प्लास्टिकच्या काउलखाली दडलेले असतात.

पोलोमध्ये दोन बोल्टांऐवजी स्ट्रटची नळी नकलच्या चिरलेल्या कॉलरमध्ये शिरलेली असते. चिरेत स्प्रेडर घालून पाव फेरी फिरवली की कॉलर उघडते. छिन्नी ठोकून उघडायला गेलात तर कॉलर भेगते. नळी खालून सुटायला बऱ्याचदा लोअर आर्मचा (नकल खालून बॉडीशी जोडणाऱ्या हाताचा) बॉल जॉइंटही सोडावा लागतो. नळीच्या मागच्या बाजूचा छोटा कान बसवताना नेमका चिरेत आला पाहिजे.

कॉम्प्रेसर

या भागात घाई केली तर माणूस जखमी होतो. २० न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणाची स्प्रिंग १५० मिमी दाबलेली असेल तर ती ३००० न्यूटन, म्हणजे ३०० किलोच्या आसपास जोराने बाहेर पडू पाहते. तिच्यात साठलेली ऊर्जा २३ किलोचं वजन एका मीटरवरून पडावं एवढी. हुक निसटला तर हे सगळं एका क्षणात सुटतं.

कॉम्प्रेसरच्या आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही दांडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर बसवा आणि जमतील तेवढे जास्त वेढे हुकांमध्ये घ्या. सेफ्टी पिन लावा. एका दांड्याला दोन फेऱ्या, मग दुसऱ्याला दोन, असं आळीपाळीने हातपान्याने दाबत जा. इम्पॅक्ट गन वापरली की दांडे असमान दाबले जातात, स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक सरकतो. तसं वाकणं दिसलं की थांबा, सैल करा, पुन्हा बसवा. स्ट्रटची टोकं कुणाच्याही अंगाकडे येऊ देऊ नका, तोंड त्याच्या वर नेऊ नका. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असू द्या.

किती दाबायचं? स्प्रिंग वरच्या बशीपासून मोकळी होऊन हाताने फिरायला लागली की बस. त्यानंतरच मधला नट काढायचा: दांड्यात ॲलन की धरायची आणि वाकडा रिंग पाना नटवर. नट निघाल्यावर वायसर, माउंट, बेअरिंग, वरची बशी, रबर, टोपण आणि बंपस्टॉप ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने जुन्या चादरीवर मांडा, प्रत्येक टप्प्याला फोटो घ्या. बेअरिंग उलटं बसणं ही इथली नेहमीची चूक.

आता शॉकअप तपासा. उभा धरून दांडा पूर्ण खाली दाबा. गॅसचा शॉकअप स्वतःहून सावकाश वर येतो. मध्येच झटका लागला, दोन्ही बाजूंचा वेग वेगळा वाटला किंवा नळीवर तेल दिसलं तर जोडी बदला. बंपस्टॉप आखूड करायचा का, हे स्प्रिंगसोबतच्या कागदावर असतं. लिहिलेलं असेल तेवढाच कापा. अंदाजाने कापला तर शॉकअपचा पिस्टन तळाला आपटतो.

नवी स्प्रिंग आखूड असल्याने सहसा कमी दाबावी लागते, काही तर हातानेच बसतात. तिच्यावरची अक्षरं सरळ वाचता येतील अशी धरा. खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. फट राहिली तर स्प्रिंग पहिल्याच वळणावर फिरून तिथे जाते, गाडी एका बाजूने खाली दिसते आणि आवाज येतो. मधला नट नवा घ्या आणि टॉर्क रेंचने आवळा. इथेही इम्पॅक्ट गन नको, त्याने दांडा आत फिरतो आणि सील खराब होतं. कॉम्प्रेसर सैल करतानाही तीच आळीपाळी, आणि टोक पायरीवरून हललं नाही ना याकडे लक्ष.

स्ट्रट उलट्या क्रमाने गाडीवर चढवा. आधी टॉवरचे नट हाताने, मग नकलचे बोल्ट पांढऱ्या रेघा जुळवून. हे बोल्ट आणि लिंक रॉड हवेतच पूर्ण टॉर्कला आवळले तरी चालतात, कारण त्यांत पीळ खाणारं रबर नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची तार क्लिपमध्ये परत घाला. चाक लावण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाइप कुठे घासत नाही ना पाहा.

मागची बाजू

मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. गाडी गियरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. जॅक स्टँड बॉडीखाली, ट्रॉली जॅक बीमखाली. जॅकने बीम थोडा उचलून शॉकअपवरचा ताण काढा आणि दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढा. मग जॅक हळूहळू खाली सोडा, ब्रेकचे पाइप, एबीएसच्या तारा आणि हँडब्रेकची केबल बघत बघत. ताण दिसला की थांबा आणि क्लिप मोकळी करा. स्प्रिंग सैल होऊन हातात येते. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर अडलं तर बीम पायाने हळूच दाबा, पहार घालून उचकटू नका.

नव्या स्प्रिंगला वरखालचे रबर चढवा आणि टोक जुन्या जागेवर आणा. रबर विसरलं तर ती बाजू जास्त खाली बसते आणि लोखंडावर लोखंड घासून रंग जातो, मग गंज. जॅक वर घ्या, बोल्ट घाला, पण सध्या फक्त टेकेपर्यंत.

बुश आवळणं

हा टप्पा घरी काम करणारे जवळजवळ सगळेच गाळतात. लोअर आर्मचे आतले बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या), बीमचे पुढचे बुश आणि मागच्या शॉकअपचा खालचा बुश यांचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट ज्या उंचीला आवळाल, ती उंची त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी ३० मिमी खाली आली आणि आर्मची लांबी ३३० मिमी धरली, तर आर्म सुमारे पाच अंश फिरतो. बुश जुन्याच जागी आवळलेला असेल तर तो रात्रंदिवस पाच अंश पिळलेला राहतो. गाडी कागदावरच्या आकड्याएवढी खाली बसत नाही, राइड कडक वाटते आणि काही महिन्यांत रबराला भेगा पडतात.

म्हणून गाडी हवेत असतानाच हे बोल्ट सैल करून ठेवा. मग चाकं लावून गाडी जमिनीवर आणा, पुढेमागे ढकला, चारही कोपऱ्यांवर दाबून झुलवा आणि त्यानंतर बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर चारही चाकांखाली भक्कम लाकडी फळ्या किंवा रॅम्प ठेवा. ते जमत नसेल तर गाडी स्टँडवर ठेवून जॅकने प्रत्येक आर्म उचला. चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर जुन्या आकड्यातून ३० वजा करून येईल तेवढं झालं की त्या जागी आवळा.

व्हील नट क्रॉस पद्धतीने टॉर्क रेंचने आवळा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका मॅन्युअलमधून घ्या.

पहिले दोनशे किलोमीटर

पहिली फेरी सोसायटीतच, काच खाली करून, रेडिओ बंद. स्टिअरिंग फिरवताना टुंग असा आवाज आला तर स्प्रिंगचं टोक पायरीवर नाही किंवा बेअरिंग चुकीचं बसलंय. बारीक खड्ड्यांत टक-टक येत असेल तर आधी लिंक रॉड, मग स्ट्रटचा मधला नट पाहा. गतिरोधकावर धप्प असा एकच आवाज म्हणजे बंपस्टॉप लागतोय: वेग कमी करूनही तो येत असेल तर बंपस्टॉप किंवा शॉकअप चुकीचा आहे. पूर्ण वळणावर खरखर झाली तर टायर फेंडरच्या प्लास्टिकला लागतोय, हे मोठे अलॉय घातलेल्या गाड्यांत होतं. डावी-उजवी उंची ५ मिमीपेक्षा जास्त वेगळी दिसली तर आधी रबर आणि स्प्रिंगचं टोक तपासा, स्प्रिंगला दोष नंतर द्या.

५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा टॉर्क करा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, त्यामुळे अलाइनमेंट लगेच त्याच दिवशी नको, १५०-२०० किलोमीटरनंतर करा. तोवर हायवेवर जाऊ नका. खाली आलेल्या गाडीत टो (वरून पाहता चाकांचं तोंड आत-बाहेर वळणं) बदलतो आणि टायर खाण्यात त्याचाच हात सर्वांत मोठा असतो. कॅम्बर थोडा आत झुकतो, २५-३० मिमीला तो सहसा मर्यादेत राहतो. मागच्या बीमला काही जुळवता येत नाही, तरी चारही चाकांचा रिपोर्ट छापून घ्या. मागचा आकडा बिघडलेला दिसला तर बीम आधीच वाकलेला असू शकतो.

हेडलाइट भिंतीवर पाडून उंची जुळवा. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आलेली नसेल तर झोताचा कोन बदलतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो किंवा गाडीच्या नाकाखालीच पडतो.

जुन्या स्प्रिंगांवर पुढची-मागची, डावी-उजवी असं पेंटने लिहा, तेलाचा हात फिरवा आणि रबरांसह पोत्यात बांधून कोरड्या जागी ठेवा. गाडी विकताना, आरटीओत तपासणीला नेताना किंवा पावसाळ्यात गावचा रस्ता वाहून गेला तर त्या परत लागतात.